कोटाचं दुसरं बटण

ये, अशी जवळ बस. कागदावरून बोलावतेय, पण बोलावणं खरं आहे. आणि बसण्याआधी माझी दोन बोलणी खा. तीन वर्षं झाली तुला डब्लिनजवळचं हे ओंगार सोडून. फोन केला की "काकू, सगळं ग्रँड आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. स्लायगो काही चंद्रावर नाही. तुझ्या गावाची गाडी आमच्या घरामागच्या रुळांवरूनच जाते, रोज ऐकते मी. इथे न थांबता जाते, तुझ्यासारखीच.

नवऱ्याच्या हॉस्पिटलातल्या ड्यूट्या, मुलांचं फुटबॉल, ही कारणं मला सांगू नकोस. तू बाईंमुळे येत नाहीस. म्हणून आज बाईंबद्दलच लिहायला बसलेय. तू पुण्यात त्यांच्याकडे जपानी शिकलीस, तेव्हा तुला वाटतं की तुला त्या पुऱ्या माहीत आहेत. पण त्या पाडव्याच्या कार्यक्रमाला तू हॉलच्या आत होतीस आणि मी बाहेर. तुला अर्ध्याच माहीत आहेत. उरलेल्या अर्ध्या माझ्याकडे आहेत. मी चौथी शिकलेली बाई, पुढचं सगळं जुन्या मासिकांवर आणि किराण्याच्या पुड्यांवर वाचून शिकले, तेव्हा जसं बोलते तसंच लिहिणार. चुका काढत बसू नकोस.

बाईंची आणि माझी ओळख भांडणाने झाली. एप्रिलचे दिवस होते. आमच्या दारातलं चेरीचं झाड फुलून गेलं होतं आणि पायरीवर गुलाबी पाकळ्यांचा चिखल झाला होता. मी खराटा घेऊन निघाले. तेवढ्यात फुटपाथवरून मोठा धडधडाट आला. ढोल म्हणावा तर ढोल नाही. बघते तर साठी उलटलेल्या एक बाई, अंगात पुरुषी निळा कोट, पायात धावायचे बूट, हातात चाकांची बाजाराची पिशवी. पिशवीतून लीकच्या, त्या जाड्या पातीच्या कांद्यासारख्या, जुड्या डोकावताहेत आणि आवाज त्या जुड्यांतून येतोय. कोणीतरी पोरगा जिवाच्या आकांताने गातोय.

"झाडू नका," बाई म्हणाल्या. ना ओळख, ना नमस्कार.

म्हटलं, "अहो, घसरून पडेल कोणी."

"आठ दिवस आहेत त्यांचे. आठ दिवस पडू दे कोणाला तरी."

"आणि घाण होते ती?"

"मग माणसं बोलवा घरी. त्यांच्या पायांनी जाईल."

मी खराटा तसाच हातात धरून उभी. त्या आत आल्या, पुण्याहून मुलाकडे राहायला आलेय म्हणाल्या, चहा प्यायल्या, पिशवीतला स्पीकर बंद करायला विसरल्या, त्यामुळे तो पोरगा आमच्या हॉलमध्ये अर्धा तास ओरडत होता. जाताना म्हणाल्या, "आजपासून अगं-तुगं." त्या मला अगं म्हणायला लागल्या. मला त्यांना तू म्हणणं काही जमलं नाही. शाळेतल्या बाईंना कोणी तू म्हणतं का?

ती गाणी सगळी जपानी. सगळी वसंताची, चेरीच्या बहराची. बाईंकडे तीच एक जात होती गाण्यांची. उन्हाळ्याचं गाणं लावा म्हटलं तर नाक मुरडायच्या. मला आधी वाटलं, चेरीची फुलं म्हणजे नाजूक काहीतरी असेल, बासरी वगैरे. बाई भडकल्या. "नाजूक कसलं? ड्रम ऐक. ही माणसं रागावलेली आहेत. फूल सुकून गळलं असतं तर त्यांना इतका राग आला नसता. हे भरात असताना जातं."

मग त्यांनी मला समजावलं. तुला ठाऊक असेल, पण माझ्यासारख्या अडाणीला कसं समजावलं ते ऐक. जपानात म्हणे मार्चमध्ये सगळं संपतं. शाळा संपते, कॉलेज संपतं, कंपनीत बदल्या होतात, आणि एप्रिलला सगळं नव्याने सुरू होतं. त्या दोन्हीच्या मधल्या फटीत हे झाड फुलतं. त्यामुळे तिकडे ज्याच्या हातात गिटार येते तो कधी ना कधी त्या झाडाचं गाणं करतोच. कोणी हळू आवाजात, कोणी अशा ढणढणाटात. कोणाची सायकल शाळेच्या चढावर शेवटची चढते आणि ओल्या टायरला पाकळ्या चिकटतात, कोणी स्टेशनवर हात हलवतो, कोणी म्हणतो की पुढच्या वर्षी याच झाडाखाली भेटू, आणि भेटत नाही. "एकच गोष्ट हजार वेळा सांगतात," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "अगं, आपण दरवर्षी तीच पुरणपोळी करतो ना?"

बाई तरुणपणी एक वर्ष तिकडे होत्या, एका कारखान्यात दुभाषी म्हणून. राहायच्या एका म्हातारीच्या घरी. त्या म्हातारीची नात शाळेच्या शेवटच्या वर्गात. तिनेच बाईंना या गाण्यांच्या कॅसेट दिल्या. शाळा संपली त्या दिवशी ती मुलगी लाल डोळ्यांनी घरी आली आणि मूठ उघडून दाखवली. आत एक पितळी बटण. तिकडच्या मुलांच्या गणवेशाचा कोट असतो, त्याचं वरून दुसरं बटण. काळजाच्या सगळ्यात जवळचं म्हणून. शाळा सोडून जाणारा मुलगा ते तोडून देतो. पण आपणहून देत नाही. मुलीने जाऊन, समोर उभं राहून मागावं लागतं.

"ती घाबरत घाबरत गेली आणि मागून आली," बाई सांगायच्या. "मी आयुष्यात कोणाचं बटण मागितलं नाही. आमचे हे गेले तेव्हा मागायला वेळ नव्हता. मग सगळा कोटच घेतला."

तोच निळा कोट. पाच बटणं. जूनमध्येसुद्धा अंगावर. इथला जून तू जाणतेसच.

हट्टी तर इतक्या की विचारू नकोस. एकदा ब्लँचर्डस्टाउनहून बसने येत होतो. पिशवीत गाणं सुरू. ड्रायव्हर म्हणाला, आवाज बंद करा. त्याचं काही चुकलं नव्हतं, बसमध्ये एक बाळ झोपलेलं होतं. बाई म्हणाल्या, "गाणं अर्ध्यात तोडायचं नसतं. आम्ही उतरतो." आम्ही म्हणजे मीसुद्धा. भर पावसात तिथून ओंगारपर्यंत चालवलं मला. माझ्या चपला चिंब, हातात दोन किलो कांदे. अर्ध्या वाटेत त्या म्हणाल्या, "तू बसमध्येच राहायचं होतंस." म्हटलं, "मग छत्री कोणी धरली असती?" त्यावर इतक्या हसल्या की त्यांना बसथांब्याच्या बाकावर बसावं लागलं. तेव्हाच मला पहिल्यांदा जाणवलं, हसताना त्यांचा आवाज फाटतोय. म्हटलं पावसाने असेल.

ते पावसाने नव्हतं. फेब्रुवारीत निदान झालं. घशात गाठ. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन करायलाच हवं, आणि नंतर आवाज राहील याची खात्री नाही. तारीख मिळाली ती पाडव्याच्या कार्यक्रमानंतरच्या गुरुवारची. बाई तिथून थेट माझ्याकडे आल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी वर्गात गाणं लावलं आणि पोरांकडून म्हणवून घेतलं. स्वतः उभं राहून लोकांसमोर एकदाही गायले नाही. आता गाणार. आहे तो आवाज वापरून मग देणार त्यांना."

आणि पुढचं वाक्य नीट वाच. म्हणाल्या, "हे मराठी मंडळाच्या कमिटीत कोणाला सांगायचं नाही. दया म्हणून पाच मिनिटं मला नकोत. गाणं म्हणून हवीत."

तर मला माहीत होतं. त्या दिवसापासून माहीत होतं. हे तुला कधी सांगितलं नाही, ते आज सांगतेय.

तुझ्या स्वयंपाकघरात मीटिंग झाली ती आठव. तू अध्यक्ष, आम्ही चौघी. तू बाईंचा अर्ज वाचून दाखवलास. एक जपानी गाणं, साडेचार मिनिटं, साथीला स्वतःचा स्पीकर. कोणीतरी म्हणालं, मराठी मंडळात जपानी कशाला. कोणीतरी म्हणालं, पाडव्याला निरोपाचं गाणं बरं दिसत नाही, मंगल दिवस आहे. तू म्हणालीस, "त्या माझ्या सर आहेत, पण नियम म्हणजे नियम. त्यांना दिलं तर उद्या प्रत्येक जण मागेल." बाईंना सर म्हणायचीस तू, सगळे पुण्याचे विद्यार्थी म्हणायचे. मग हात वर करायला सांगितलंस. नको म्हणणाऱ्यांत माझाही हात होता.

का केला म्हणून किती रात्री विचारलंय स्वतःला. मला तुमच्यासारखं फटाफट बोलता येत नाही. तुम्ही सगळ्या ऑफिसात मीटिंगा घेणाऱ्या मुली, मी सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात कमी शिकलेली. पोळ्यांसाठी मला कमिटीत घेतलं होतं हे मला कळत होतं. एकटीचा हात खाली राहिला असता तर कोणीतरी विचारलं असतं, काकू, तुमचं काय म्हणणं? आणि मग मला म्हणणं मांडावं लागलं असतं. म्हणून केला वर. खरं कारण एवढंच.

बाईंना मीच जाऊन सांगितलं. माझ्या हाताचंही सांगितलं. वाटलं, आता दार आपटतील. त्या शांतपणे लीक चिरत होत्या. म्हणाल्या, "पाडव्याला सकाळी आपण काय खातो आधी? श्रीखंड?"

म्हटलं, "नाही. कडुनिंब."

"मग? आणि गुढी कधी उतरवतो?"

"संध्याकाळी."

"म्हणजे उभारायची ती उतरवण्यासाठीच. आणि यांना निरोपाचं गाणं चालत नाही." सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "हिंदी सिनेमाच्या गाण्यावर नाच आहेत का?"

"तीन आहेत."

"आणि निवेदन?"

"इंग्रजीत. मुलांना कळायला हवं म्हणून."

"बरं," म्हणाल्या. पुन्हा सुरी उचलली.

पुढचे पंधरा दिवस त्या माझ्याकडून ते गाणं पाठ करून घेत होत्या. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. मी विचारलं, अर्थ? "चाल पाठ कर. बाकीचं मागून चालत येतं." पोळपाटावर ताल धरायच्या. तिसऱ्या ओळीला मी दरवेळी घसरायची. त्या म्हणायच्या, "घसर, पण थांबू नकोस."

कार्यक्रमाचा रविवार. हॉलमध्ये सगळ्या पैठण्या, सगळे कुर्ते, दारात साखरेच्या गाठी घातलेली गुढी. बाई आल्या त्या कोटातच. पाकिटातली कडुनिंबाची पावडर आपण गुळात कालवून वाटीत ठेवली होती, लहान मुलं तोंड वाकडी करत होती. बाईंनी चमचाभर खाल्ली, मग आणखी चमचाभर, आणि मागच्या रांगेत जाऊन बसल्या. तीनही नाच पाहिले. टाळ्या वाजवल्या. मी आत स्वयंपाकघरात पोळ्या गरम करत होते. खिडकीतून पार्किंग दिसायचं आणि पार्किंगच्या कोपऱ्यात एक चेरी होती, अर्धी फुललेली, अर्धी अजून मुठी मिटून बसलेली.

बघते तर बाई पिशवी ओढत तिकडे निघालेल्या.

त्यांनी स्पीकर भिंतीच्या कठड्यावर ठेवला. कोट नीट केला. पाचही बटणं लावली. आणि गायला लागल्या.

मी तुला खोटं सांगणार नाही, गाणं सुरेल झालं नाही. पहिलं कडवं कसंबसं गेलं. वरच्या सुरावर आवाज फुटला आणि नुसती हवा आली. बाईंनी गाणं थांबवलं, मागे नेलं, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच फुटला. मी तव्यावर पोळी तशीच टाकून, हातात उलथणं घेऊन बाहेर गेले. थंडी अशी की उलथण्याची ऊब हाताला बरी वाटत होती. हॉलच्या किल्ल्या सांभाळणारा तो म्हातारा आयरिश गृहस्थ, तुम्ही सगळ्या त्याला इथल्या बोलीत "युअर मॅन", म्हणजे 'तो बुवा', म्हणायचात तो, सिगारेट ओढत उभा होता. त्याने मला विचारलं, त्यांना बरं वाटत नाहीये का? आत बोलावू का कोणाला? मला इंग्रजी तेवढं येतं. म्हटलं, "नो. शी इज सिंगिंग." त्याने सिगारेट विझवली, टोपी काढली आणि हात मागे बांधून उभा राहिला.

खुर्च्या गाडीत भरणारे दोघे होते, तुझ्याच बॅचचे, आता इथल्या कंपन्यांत मोठे साहेब झालेले. त्यांनी खुर्च्या खाली ठेवल्या आणि वर्गात उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. एवढेच आम्ही. आम्ही चौघं आणि झाड. मग गारा सुरू झाल्या, इथे होतात तशा, ऊन असताना.

तिसऱ्यांदा बाई त्या वरच्या सुराशी आल्या तेव्हा मी गायले. सूर माझा, आवाज माझा, तिसरी ओळ चुकलेली. ते दोघे साहेबही गायले, त्यांना शब्द पाठ होते. बाई गायच्या थांबल्या नाहीत. नुसती हवा येत होती तरी तोंड पुरं उघडून, मान वर करून गात होत्या, जशी काही ती हवाच सगळ्यात मोठा सूर होती. गारा कोटावरून टपाटप उडत होत्या. साडेचार मिनिटं पुरी झाली. अर्ध्यात तोडलं नाही.

त्याच वेळी मी तुला पाहिलं. काचेच्या दाराशी तू आलीस, हातात कागद. दाराच्या मुठीवर हात ठेवलास. आतून तुझं नाव पुकारलं, आभार मानायचे होते. तू परत वळलीस. बाईंनीही पाहिलं.

गाणं संपल्यावर त्यांनी कोटाचं दुसरं बटण धरलं आणि पिळून पिळून तोडलं. मला वाटलं मला देणार. मी हात पुढे केला, खोटं कशाला सांगू. बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तुला नाही. तू आलीस की बाहेर. हे आत राहिली तिचं."

म्हटलं, "देते तिला आत्ताच."

"द्यायचं नाही. पोस्टाने पाठवायचं नाही. तिला सांगायचंही नाही दोन-तीन वर्षं, उगाच धावत येईल शरमेने. शरम उतरली की मग सांग. तिने येऊन मागायला हवं."

त्या आवाजातलं त्यांचं माझ्याशी झालेलं हे जवळजवळ शेवटचं बोलणं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला. मी भेटायला गेले तर पाटी हातात, पाटीवर लिहिलं होतं, "पोळ्या जळल्या का?" जळल्या होत्या. अकरा. नंतर तुला ऑपरेशनचं कळलं आणि तू कोणाशी न बोलता घर बदललंस. तुला वाटलं, आपण आपल्या सरांचं शेवटचं गाणं अडवलं. अगं, अडवलं कुठे? कोणाला अडलं ते? आणि काचेच्या दाराशी घालवलेल्या ज्या अर्ध्या मिनिटाचा तू इतका भार वाहतेस, त्याच्या दुप्पट माझ्याकडे आहे. तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी हात वर केला. तरी बाईंनी मला चहा पाजला. तुलाही पाजला असता, तू गेली नसतीस तर.

त्या उन्हाळ्यात बाई पुण्याला परतल्या. मुलगा इथेच राहा म्हणत होता. पाटीवर लिहिलं, "वर्ग आहे." आवाज गेलेल्या बाई काय शिकवणार, असं सगळ्यांना वाटलं. त्या गाणं लावतात, पोरं म्हणतात, चुकलं की टेबलावर फूटपट्टी आपटतात. पोरं म्हणे पूर्वीपेक्षा जास्त घाबरतात. दर पाडव्याला सकाळी मला त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो. त्यात शब्द नसतात. नुसतं टेबलावर बोटांनी वाजवलेलं, त्या गाण्याचं धृपद. मी इकडे पोळपाटावर वाजवून परत पाठवते. तिसऱ्या ओळीला अजून घसरते.

या वर्षी त्यांनी वाजवून झाल्यावर खाली एक ओळ लिहिली. "शरम उतरली असेल. सांग."

तर सांगितलं. बटण इथे आहे. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, हो, मीही आता कपाटाला प्रेसच म्हणते, चहाच्या डब्यामागे, पाडव्याच्या साखरगाठीच्या पिशवीत. त्याला निळा दोरा अजून लटकतोय. मी ते हातात आणून देणार नाही. समोर उभं राहून मागायचं, बाईंनी सांगितलंय तसं. मागताना काय बोलायचं ते तुझं तू ठरव, जपानीत मागितलंस तर मला कळणार नाही, पण मी देईन.

दारातली चेरी परवा फुलली. वारा सुटलाय, आठ दिवससुद्धा टिकायची नाही. शनिवारची गाडी धर, पुढच्या स्टेशनवर उतर आणि मागे ये. पायरी गुलाबी झालीये आणि मी खराटा आत ठेवून दिलाय. तुडवत ये.